निवडुंगाच्या माळावरची वाडी : लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि लोखंडी नांगर

हजरत निजामुद्दीन स्थानकावरून सुटणारी गोवा एक्स्प्रेस आपल्यापैकी अनेक कुटुंबांच्या ओळखीची आहे. सुट्टीत आजोळी निघालेल्या दिल्लीकर मराठी मुलांच्या किती पिढ्या तिच्या डब्यांतून गेल्या असतील! पुणे, सातारा, कऱ्हाड मागे टाकून ही गाडी सांगली-मिरजेकडे जाते, तेव्हा वाटेत ताकारीच्या पुढे ‘किर्लोस्करवाडी’ अशी पाटी असलेले एक लहान स्थानक लागते. त्याचे पूर्वीचे नाव कुंडल रोड. एका कारखानदाराचे आडनाव रेल्वेच्या पाटीवर चढावे असे तेथे काय घडले, हे आपल्या मुलांना सहसा ठाऊक नसते; पालकांनाही ते पुरतेपणी ठाऊक असते असे नाही.

शाळेचा इतिहास या ग्रंथात अन्य लेखकांनी लिहिला आहे, तो अधिकारही त्यांचाच. मी मात्र एका वेगळ्या कारणाने या वाडीकडे वळले. प्रवेशाच्या दिवसांत जवळजवळ दरवर्षी कोणीतरी पालक समोर बसून संकोचाने विचारतात : “बाई, मराठी आम्हांलाही प्रिय आहे, पण यंत्रे, विज्ञान, कारखाने हे सगळे मराठीतून कसे शिकायचे?” गुरुग्राम, फरिदाबाद, नोएडा येथील कारखान्यांत आणि कचेऱ्यांत आयुष्य गेलेल्या माणसांचा हा प्रश्न आहे आणि तो टाळण्याजोगा नाही. मातृभाषेच्या थोरवीवर व्याख्यान देऊन त्याचे समाधान होत नाही. म्हणून एक घडलेली हकीकत सांगते. जेथे ओतशाळा होती, साचे होते, आराखडे होते, परदेशी यंत्रांशी स्पर्धा होती, आणि तेथील कामकाजाची, भांडणाची व विनोदाची भाषा मराठी होती, अशा एका ठिकाणाची ती हकीकत आहे.

भारतीय उद्योगाचा धडा आला की पाठ्यपुस्तके जमशेदजी टाटांपाशी थांबतात, आणि ते योग्यच आहे. १९०७ साली टाटांच्या पोलाद कंपनीची स्थापना झाली, त्यामागे मोठे भांडवल होते, परदेशी तज्ज्ञ होते, खनिजाने भरलेले डोंगर होते. याच सुमारास बेळगावातील एका लहान कारखान्यात एक माणूस लोखंडाचा नांगर ओतीत होता आणि तो घ्यायला गिऱ्हाईक मिळत नव्हते. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर हे त्यांचे नाव. त्यांचा कारखाना विसाव्या शतकात नावारूपाला आला, परंतु माणूस घडला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्यांच्या पेढीची सुरुवातही १८८८ ची आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मराठी रंगभूमीवर १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे आणि याच घराण्यातले. घराण्याची ही दोन टोके मला नेहमी मौजेची वाटतात : एकाने मराठी माणसाच्या कानाला वळण लावले, दुसऱ्याने त्याच्या हाताला. लहानग्या लक्ष्मणाचे मन पाठांतरात रमेना. चित्रे काढावी, वस्तू उघडून पाहाव्या, हा त्याचा नाद. थोरले बंधू रामचंद्रपंत ऊर्फ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले, म्हणून १८८५ साली त्याला मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत जाता आले. तेथे दोन वर्षांत ध्यानात आले की या चित्रकाराला रंगांतील काही भेद दिसतच नाहीत. अंशतः रंगांधळेपणा होता. चित्रकलेची वाट तेथे संपली. रंगाची गरज नसलेले यांत्रिक आरेखन तेवढे हातात उरले.

त्या आरेखनाच्या बळावर नव्याने निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. वर्गात आरेखन शिकवावे आणि उरलेल्या वेळी संस्थेच्या कार्यशाळेत यंत्रे हाताळावी, पुस्तके वाचावी, असा क्रम त्यांनी ठेवला. ते अभियंते झाले ते असे; पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. शिक्षकाच्या पेशातील माझ्यासारखीला हा प्रसंग वाचताना दोन गोष्टी एकदम वाटतात : त्यांच्यावर अन्याय झाला ही खंत, आणि तो झाला नसता तर एक उत्तम आरेखनशिक्षक निवृत्त होऊन गेला असता हा विचार.

बेळगावात तोवर ‘किर्लोस्कर बंधू’ ही पाटी लागलेली होती. मुंबईहून लक्ष्मणराव सायकली धाडीत आणि बेळगावात रामूअण्णा त्या विकीत. सायकल ही तेव्हा अंमलदार आणि सधन लोकांनीच घेण्याची वस्तू होती. विकत घेणाऱ्याला ती चालवता येत नसे, म्हणून शिकवण्याचे पंधरा रुपये रामूअण्णा वेगळे घेत. ही सायकलविक्री हा केवळ चरितार्थ होता. लक्ष्मणरावांचे लक्ष शेताकडे होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी दख्खन होरपळली होती. माणसांइतकीच गुरे मेली होती. अखंड कडब्याची पेंढी गुरांपुढे टाकली की बुडखे वाया जातात. तोच कडबा बारीक कापून दिला तर पुरवठ्याला येतो. तेव्हा कडबा कापण्याचे यंत्र हे या कारखान्याच्या पहिल्या मालांपैकी एक असावे, यात नवल नाही. त्यानंतर त्यांनी नांगर हाती घेतला.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण आपल्या मुलांनी नांगर पाहिला तर तो चित्रातच. आपल्याकडचा परंपरागत नांगर लाकडाचा, बहुधा बाभळीचा. त्याला पुढे हळस, मागे धरायला रुमणे, आणि खाली जमिनीत शिरणाऱ्या टोकाला तेवढी लोखंडाची पट्टी, म्हणजे फाळ. हा नांगर माती चिरतो, पण उलटवत नाही. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात. लाकडी नांगराने ती वरच्या वर खरवडली जातात आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उगवतात. इंग्लंडहून येणाऱ्या लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळणदार पंख्यासारखे पाते असते. कापलेला मातीचा थर त्या पात्यावरून सरकत जातो आणि पालथा पडतो. मुळे उन्हात येतात, खालची माती वर येते. सारी करामत त्या पात्याच्या वळणात आहे. लक्ष्मणरावांनी परदेशी नांगर समोर ठेवून आपल्या जमिनीला आणि आपल्या बैलांना पेलेल असा नांगर आखला. मुंबईत शिकलेले आरेखन येथे कामी आले.

नांगर तयार झाला, गिऱ्हाईक येईना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, ती नापीक होते, अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जायला सुमारे दोन वर्षे लागली असे किर्लोस्कर घराण्याच्या आठवणींतून कळते. ही गोष्ट सांगताना शेतकऱ्याच्या अडाणीपणाला हसण्याची प्रथा आहे. मला ती प्रथा पटत नाही. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याच्या नकारात बरेच शहाणपण सापडते. खोल जाणारा लोखंडी नांगर ओढायला तीन-चार बैलजोड्या लागत; सामान्य कुणब्याच्या दावणीला एकच जोडी असे. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांशी सावड केल्यावाचून तो नांगर चालणारच नाही. दुसरे असे की लाकडी नांगर गावचा सुतार घडवी, फाळ गावचा लोहार शेवटी, आणि दोघांचेही देणे सुगीला बलुत्याच्या रूपाने फिटे; रोख पैसा लागत नसे. बिडाचा ओतीव भाग मोडला तर तो गावच्या भात्यावर तापवून जोडता येत नाही, बीड ठोकले तर फुटते. मग ऐन नांगरटीत फाळ मोडल्यावर बेळगावला कोणी धावावे? शेतकऱ्याने जमिनीला विष होते असे म्हटले असेल. पण त्याला आपल्या गावाच्या साऱ्या व्यवहाराची चिंता वाटत असली पाहिजे, असा माझा तर्क आहे.

शिवाय पहिल्या नांगरांत खोटही होतीच. काही गिऱ्हाइकांनी तक्रार केली की फाळाची टोके मऊ आहेत, भराभर झिजतात. लक्ष्मणरावांनी तक्रार मान्य केली आणि ओतकाम सुधारले. ओतकाम करणाऱ्यांना एक युक्ती माहीत असते : वितळलेले बीड वाळूच्या साच्यात हळूहळू निवते आणि मऊ राहते, परंतु साच्यात टोकाच्या जागी धातूचा तुकडा बसवला तर तेवढा भाग झटकन थंड होऊन काचेसारखा कडक बनतो. असा फाळ टोकाशी टणक आणि अंगाने चिवट राहतो. सुटे फाळ गिऱ्हाइकाला सहज मिळतील अशी व्यवस्था झाल्यावर मोडतोडीची भीतीही कमी झाली. नांगर खपू लागले ते अशा दुरुस्त्यांमुळे; उपदेशाने ते काम झाले नसते.

धंदा जरा स्थिरावतो तोच बेळगाव नगरपालिकेने शहरवाढीसाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. चाळिशी ओलांडायला आलेला माणूस, हाताशी मोजकी यंत्रे, बिऱ्हाडे आणि कामगार, आणि जायचे कोठे हा प्रश्न. तेव्हा लक्ष्मणराव औंध येथे बांधकामाच्या निमित्ताने जात-येत असत आणि औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी त्यांचा जुना स्नेह होता. बाळासाहेब १९०९ साली गादीवर आले. सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते स्वतः चित्रकार होते. चित्रकलेचा ध्यास घेतलेला राजा आणि रंग न दिसल्याने चित्रकला सोडलेला यांत्रिक, अशी ही जोडी. अडचण समजताच बाळासाहेबांनी आपल्या संस्थानात यावे असे सुचवले.

औंध संस्थान लहान, आणि तेही सलग नव्हते; औंध, आटपाडी, कुंडल असे त्याचे तुकडे इंग्रजी मुलखात विखुरलेले होते. कुंडलच्या भागात पुणे-मिरज रेल्वेचे कुंडल रोड स्थानक होते. ते पाहूनच लक्ष्मणरावांनी जागा निवडली असणार : कोळसा आणि बीड गाडीने यायचे, नांगर गाडीने जायचे. स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज बाळासाहेबांनी दिले. मार्च १९१० मध्ये मंडळी तेथे उतरली. जमीन होती ती खडकाळ माळ, निवडुंगाने भरलेली, सापांचे घर. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुढे आपल्या आत्मचरित्राला ‘कॅक्टस अँड रोझेस’ हे नाव दिले, ते याच निवडुंगाची आठवण ठेवून.

पहिला उन्हाळा आणि पहिला पावसाळा छपरांखाली गेला. रामूअण्णा वसाहतीची व्यवस्था पाहू लागले. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी अशी माणसे जमली. यांच्यापैकी काही जण शाळेत चमकलेले नव्हते. लक्ष्मणरावांनी माणूस पाहून काम दिले आणि कामातून माणूस वाढू दिला. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी त्या माळावर सर्वांचा संसार आपला मानला. या बाईंविषयी स्वतंत्रपणे फार थोडे लिहिले गेले आहे, याचे मला वाईट वाटते. कारखान्याच्या इतिहासात भट्टीची नोंद होते, चुलीची होत नाही.

रात्रीच्या राखणीसाठी लक्ष्मणरावांनी नेमले ते तुकाराम आणि पिराजी या दोघांना. चोरीचा शिक्का बसलेली ही माणसे, आणि शिक्षा भोगून आलेली. लक्ष्मणरावांनी त्यांच्या हाती वसाहत सोपवली आणि त्यांनी ती सांभाळली. औंधच्या मातीत हा विचार रुजलेला दिसतो, कारण १९३९ साली बाळासाहेबांच्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची भिंतीवाचूनची वसाहत उभी राहिली. १९५७ साली व्ही. शांतारामांनी काढलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्याच प्रयोगावरून सुचला आणि त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची होती. वाडीत शिवाशिव पाळायची नाही हाही लक्ष्मणरावांचा नियम होता. कागदावर असा नियम करणे सोपे. परंतु ज्या काळी शेजारच्या गावात पाणवठे वेगळे होते, त्या काळी एकाच वसाहतीत एकत्र राहण्याचा आग्रह धरणे किती जड गेले असेल याची कल्पना करावी. गावकुसाबाहेर माळावर नव्याने वसवलेली वस्ती होती, म्हणूनच ते बरेचसे साधले असावे. जुन्या गावात कदाचित साधले नसते.

आता भाषेकडे येते. त्या माळाच्या आसपासच्या गावांतून कामाला आलेली बहुतेक माणसे शेतकरी किंवा मजूर. त्यांना आराखडा वाचायला, साचा करायला, लेथ चालवायला शिकवायचे होते. इंग्रजी येणारा कामगार येईपर्यंत थांबले असते तर कारखाना निघालाच नसता. तेव्हा शिक्षण झाले ते मराठीत, उभ्याउभ्या, वस्तू हातात धरून. तेथे शब्दांचा सोवळेपणा कोणी केला नाही. ओतकाम, साचा, फाळ, भट्टी, भाता हे घरचे शब्द. लेथ, फिटर, बोल्ट, पंप हे पाहुणे. आणि दोघे एका पंक्तीला बसले. वाक्य मात्र मराठी राहिले, विचारण्याची आणि समजून घेण्याची रीत मराठी राहिली. मला वाटते, पालकांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. शंतनुराव स्वतः १९२२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकायला गेले आणि १९२६ साली पदवी घेऊन वाडीला परतले. त्यांच्यासोबत गेलेला चुलतभाऊ माधव जांभेकर क्षयाने तेथेच वारला; घराण्याने या शिक्षणाची अशीही किंमत मोजली. परत आलेल्या शंतनुरावांना मिळालेले ज्ञान कामगारांपर्यंत न्यायचे होते, आणि ते नेण्याचे साधन मराठी होते. इंग्रजी त्यांना आली पाहिजेच होती. पण एकट्या इंग्रजीने वाडी उभी राहिली नसती.

पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारे बीड आणि कोळसा दुर्मीळ झाले. दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळसा वापरून पाहण्यात आला, भंगार गोळा करण्यात आले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या निकामी तोफा कारखान्याला दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले, असे सांगतात. युरोपात लोखंडाच्या तोफा होत असताना येथे तोफांचे नांगर झाले! हा प्रसंग सांगितला की वर्गात एकदम शांतता पसरते, असा माझा अनुभव आहे.

युद्ध संपल्यावर १९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली. उसाचे चरक, रहाट, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पुढे पंप आणि लोखंडी खुर्च्या-टेबले, असा माल वाढत गेला. पण त्याच १९२० साली वाडीतून आणखी एक गोष्ट निघाली, आणि मराठी शाळेच्या ग्रंथात तिचा मान मोठा आहे. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर हे व्यंगचित्रकार आणि हाडाचे संपादक. त्यांनी कारखान्याची माहिती देणारे ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. नांगराची आणि चरकाची जाहिरात करता करता त्यात लेख येऊ लागले, चित्रे येऊ लागली, कथा येऊ लागल्या. पुढे ‘खबर’ शब्द गळाला आणि ‘किर्लोस्कर’ हे महाराष्ट्रातील आघाडीचे मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. ना. सी. फडके, वि. स. खांडेकर यांच्यासारखे लेखक तेथे लिहीत. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरील निबंध तेथे छापून आले. विधवांचे प्रश्न, मुलींचे शिक्षण, अंधश्रद्धा यांवर तेथे वाद झाले. आपल्या आज्यांनी, पणज्यांनी चोरून किंवा उघडपणे वाचलेली ही मासिके एका नांगराच्या कारखान्याच्या आवारातून निघत होती! पुण्या-मुंबईहून दूर असलेल्या त्या माळावर छापखाना आणि ओतशाळा एकाच आवारात असाव्या, हे मला त्या काळातील सर्वांत मोठे धाडस वाटते.

चित्र एकरंगी करू नये म्हणून काही उणेही सांगितले पाहिजे. ही वाडी एका संस्थानिकाच्या मर्जीवर उभी राहिली. बेळगाव नगरपालिकेने जे दिले नाही ते एका राजाने दिले. त्याच राजाने १९१६ साली निघालेल्या ओगले बंधूंच्या काचकारखान्यालाही आश्रय दिला, त्यातून कऱ्हाडजवळ ओगलेवाडी झाली आणि प्रभाकर कंदील घरोघर गेला. परंतु ज्यांच्या संस्थानिकाला चित्रांची आणि यंत्रांची आवड नव्हती, अशा किती लक्ष्मणरावांची पाटी कोरी राहिली असेल? आणि वसाहतीत एकाच माणसाचा शब्द शेवटचा असला की शिस्त येते, स्वच्छता येते. कामगाराचे स्वतःचे म्हणणे मात्र मागे राहण्याचा धोका असतो. धनी कितीही दयाळू असला तरी तो धनीच.

आणि १९४८ चा दाह वगळून हा इतिहास पुरा होत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी आपल्या दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रातील ब्राह्मण होता, हे कळताच दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे व दुकाने जाळली गेली. जमाव किर्लोस्करवाडीलाही आला आणि कारखान्याला आग लावण्यात आली. जेथे शिवाशिव पाळली गेली नव्हती आणि तुरुंगातून आलेल्या माणसाच्या हाती किल्ल्या दिल्या गेल्या होत्या, तेथे जातीच्या नावाने ही आग लागली. शेजारचे कुंडल हे पाचच वर्षांपूर्वी क्रांतिसिंह नाना पाटील आणि क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारचे ठाणे होते, इंग्रजांशी झुंजले होते. त्याच परिसरात हे घडले. याला एका कारणाने उत्तर देता येत नाही. शतकांचा साठलेला राग होता, त्या क्षणी भडकवणारेही होते, आणि वाडीने आपल्या कुंपणाच्या आत जे केले ते कुंपणाबाहेर पुरेसे पोचले नव्हते, असेही म्हणावे लागते. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि चालू झाला.

तोवर उद्योगाचा विस्तार वाडीबाहेर झाला होता : १९४१ साली हरिहरला यंत्रहत्यारे, १९४६ साली पुण्यात तेलइंजिने आणि बंगळुरूला विजेच्या मोटारी. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. जन्मशताब्दीला, १९६९ साली, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. शंतनुरावांना १९६५ साली पद्मभूषण मिळाला होता. हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात, आपल्या शहराच्या वेशीवरच, शेतात पाणी उपसणाऱ्या यंत्रावर ‘किर्लोस्कर’ हे नाव वाचलेली मुले आपल्या शाळेतही आहेत. हे आडनाव कोकणातल्या किर्लोशी गावावरून आले, हे मात्र त्यांना नवे असते.

हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त आठवीच्या मुलांना मी एक काम दिले : नांगराच्या भागांची नावे घरातील वडीलधाऱ्यांकडून मिळवून आणावी. कोणी सोलापूरच्या आजीला दूरध्वनी केला, कोणी विदर्भातील काकांना. रुमण्याला भागाभागांत निरनिराळे शब्द मिळाले आणि त्यावरून वर्गात थोडे भांडणही झाले. नजफगढकडे राहणाऱ्या एका मुलाने शेजारच्या जाट शेतकऱ्याला जाऊन विचारले. लोखंडी नांगराला तिकडे ‘मिट्टी पलटने वाला हल’ म्हणतात, हे त्याने वहीत लिहून आणले आणि शेजारी, त्या शेतकऱ्याच्या सांगण्यावरून, पात्याच्या वळणाचे चित्र काढले. ते चित्र या ग्रंथाच्या विद्यार्थी विभागात छापले आहे.